पावसाळ्यात फायबर मसल हलत नाही, रंग अडकतो: आधी हवा तपासा, मग धागा

दरवर्षी जून लागला की तीच तक्रार चालू होते. मार्च-एप्रिलमध्ये बनवलेला रेशमाचा नाहीतर सुताचा पिळाचा मसल (म्हणजे ओल लागली की आपोआप आखडणारा किंवा फिरणारा पिळलेला धागा), तेव्हा नुसती फुंकर मारली तरी झटकन आखडायचा, छोटं वजन उचलायचा, रंगही बदलायचा, आणि आता काहीच करत नाही, नुसता लोंबतो. धाग्यावरचा रंगाचा पट्टा सकाळपासून रात्रीपर्यंत गुलाबी तो गुलाबीच. मग पोरं तो धागा फेकतात, नवीन बनवतात, तोही हलत नाही, परत नवीन रीळ आणतात, आणि तोपर्यंत प्रोजेक्टची तारीख तोंडावर आलेली असते. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण फेकलेले बरेचसे धागे एकदम ठणठणीत असतात. म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहून ठेवते.

नवीन लोकांसाठी आधी थोडंसं, हे हलतं कसं. पावसाळा संपता संपता पुण्यातल्या वेताळ टेकडीवर फिरून आलात की सॉक्सला कुसळं चिकटतात, ते कुसळी गवताचं बी. त्याची लांब काळी शेपटी भिंग लावून बघा, निसर्गानेच तिला पीळ दिलेला असतो. एक कुसळ तळहातावर ठेवा, बोट ओलं करून शेपटीला लावा आणि थांबा, ती गोल फिरायला लागते, पीळ उलगडतो, वाळली की परत पिळते, आणि याच फिरण्याच्या जोरावर बी मातीत घुसतं. आपला मसल म्हणजे हेच तत्त्व. धागा ओल प्यायला की जाडीत फुगतो, लांबीत फारसा वाढत नाही, आणि भरपूर पीळ दिलेला असेल तर त्या फुगण्याला जागा करून द्यायला पीळ उलगडायला बघतो. टोक मोकळं असेल तर टोक फिरतं. टोक फिरू दिलं नाही आणि धाग्याची स्प्रिंग केलेली असेल तर तोच जोर स्प्रिंग आखडण्यात जातो.

पीळ आणि स्प्रिंग कशाला लागते ते आकड्यांवरून कळतं. सोस्यूर यांनी १७८३ साली माणसाच्या केसाचा आर्द्रतामापक मांडला, त्यातला सरळ केस पूर्ण कोरड्यापासून पूर्ण दमट हवेपर्यंत जेमतेम दोन-अडीच टक्के लांब होतो. तेच रेशमाला पीळ देऊन, स्प्रिंग करून, सेट करून (म्हणजे वाफेने तो आकार पक्का करून) घेतलं तर ७० टक्के आखडतं असं २०१९ मध्ये प्रयोगातून दाखवलं गेलंय. पण तो आकडा वाचताना पुढचं वाक्यही वाचायचं. तो मिळतो आर्द्रता २० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर नेल्यावर. आता मला सांगा, जुलैत पुण्यात २० टक्के आणणार कुठून?

सगळं घोडं इथेच अडतं. मसल ओलीवर चालत नाही, ओलीतल्या फरकावर चालतो. एप्रिलच्या दुपारी पुण्याची हवा २०-२५ टक्क्यांपर्यंत उतरते आणि तोंडातली वाफ जवळपास शंभर टक्के दमट असते, म्हणजे फुंकर मारली की धाग्याला दणदणीत फरक मिळतो, शिवाय फुंकर थांबली की कोरडी हवा त्याला काही सेकंदात वाळवून परत जागेवर आणते. जुलै-ऑगस्टमध्ये हवाच ८०-८५ टक्क्यांवर बसलेली, धागा आधीच निम्म्याहून जास्त फुगलेला, पीळ आधीच उलगडलेला. त्यात फुंकर मारली तर थोडासा हलेलही, पण परत येणार नाही, कारण त्याला वाळवायलाच कोणी नाहीये. म्हणून लक्षण नीट बघा. एकदा हलून तिथेच बसतो का अजिबातच हलत नाही? एकदा हलून बसत असेल तर जवळपास नक्की हवेचा प्रश्न. अजिबात हलत नसेल तर हवा असू शकते आणि धागाही असू शकतो, पुढे वाचा. आणखी एक गोष्ट, बहुतेक धागे वाळताना हट्टी असतात, म्हणजे तेवढ्याच आर्द्रतेला वाळत येताना धाग्यात जास्त पाणी उरतं आणि ओला होत जाताना कमी असतं, त्यामुळे ६० टक्क्यांवरून ८५ ला जाऊन परत ६० ला आलात तरी लांबी तंतोतंत पहिली येत नाही. हा बिघाड नाही, धाग्याचा स्वभाव आहे.

तर पहिलं काम, धाग्याच्या शेजारची आर्द्रता मोजा. खोलीची नाही, मोबाईलवरच्या अॅपमधली तर नाहीच. हवामान खात्याच्या शिवाजीनगर वेधशाळेचे सकाळी ८:३० आणि संध्याकाळी ५:३० चे आकडे बघत जा, त्यातून दिवसाचा अंदाज येतो, पण तुमच्या टेबलावर काय चाललंय ते सेन्सरच सांगेल. तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, सगळ्यात स्वस्त मिळतो तो डीएचटी ११ नावाचा आर्द्रतेचा सेन्सर, तो २० ते ९० टक्क्यांतच चालतो आणि त्यात पाच टक्के इकडे तिकडे, म्हणजे आपल्याला जिथे नेमकं बघायचंय तिथेच तो आंधळा. थोडे पैसे जास्त टाकून एसएचटी ३१ घ्या, दोन टक्क्यांच्या आसपास बरोबर असतो. आणि सेन्सर सर्किट बोर्डाला चिकटवून ठेवू नका. बोर्ड गरम होतो, त्याच्या उबेने सेन्सर कोरडी हवा दाखवतो आणि तुम्ही म्हणता हवा तर साठच आहे मग धागा का चालेना. वायर लांब घ्या, सेन्सर धाग्याच्या बाजूला बोटभर अंतरावर लटकवा.

मग डब्याची टेस्ट. ही केल्याशिवाय एकही धागा फेकायचा नाही, एवढं माझं ऐकाच. हवाबंद झाकणाचा पारदर्शक डबा घ्या, तळाला ताजी वाळवलेली सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे), वर जाळी, धागा त्याच्या वजनासकट आत टांगा, बाजूला पट्टी चिकटवा आणि रात्रभर ठेवा. सकाळी लांबी वाचा. मग दुसरा डबा, त्यात साधं मीठ आणि पाणी, पण विरघळून स्वच्छ झालेलं द्रावण नको, तळाला न विरघळलेलं मीठ भरपूर दिसलं पाहिजे, ओल्या वाळूइतपत घट्ट. असं मीठ बंद डब्यातली हवा २५ अंशाला ७५ टक्क्यांवर धरून ठेवतं, कितीही पाऊस पडो. मॅग्नेशियम क्लोराइड मिळालं तर ते ३३ टक्के देतं, पोटॅशियम क्लोराइड ८४-८५. धागा सिलिकाच्या डब्यातून मिठाच्या डब्यात नेला आणि लांबी ठळकपणे बदलली की धागा जिवंत आहे, विषय संपला, हवेचं बघा. दोन्ही डब्यांत लांबी तीच राहिली तर मात्र धाग्याकडे वळा.

हवेचं काय करायचं? एसी खोली हा एक उपाय आहे पण प्रत्येकाकडे नसतो, आणि एसीतही आर्द्रता ५०-६० च्या खाली जाईल याची खात्री नाही. मला सगळ्यात आवडतो तो उपाय फार स्वस्त आहे. हवेत पाणी तेवढंच राहिलं आणि हवा तापली की सापेक्ष आर्द्रता, म्हणजे आपण मोजतो ते टक्के, धाडकन पडते. २४ अंशाची ८५ टक्क्यांची पावसाळी हवा ३४ अंशाला नेली की ती साधारण ४८ टक्के होते. दहा अंशात एवढा फरक! म्हणजे अॅक्रिलिकच्या खोक्यात जुन्या पद्धतीचा तारेचा छोटा बल्ब, एलईडी नको कारण त्याची ऊब पुरत नाही, वर एक भोक, खाली एक भोक, आणि एक छोटा फॅन. बल्ब लावला की धागा वाळून लांब होतो, बल्ब बंद करून झाकण उघडलं की पुण्याचीच दमट हवा त्याला आखडवते. उन्हाळ्यात आपण ओल देऊन हलवत होतो आणि वाळणं फुकट मिळत होतं, पावसाळ्यात उलटं, वाळवणं आपण करायचं आणि ओल फुकट. एवढा उलटा विचार केला की जुलैतला डेमो मार्चपेक्षा भारी होतो, वाफेची बाटली नाही, स्प्रे नाही, नुसतं झाकण उघडायचं आणि समोरच्याच्या डोळ्यांदेखत वजन वर जातं.

बल्ब धाग्यापासून लांब ठेवा, धागा तापवायचा नाहीये, हवा तापवायची आहे.

आता धाग्याच्या बाजूचे घोळ. सगळ्यात जास्त दिसतो तो पीळ निसटण्याचा. टोकाची गाठ घसरते, किंवा खाली टांगलेलं वजन गोल फिरत राहतं आणि प्रत्येक वेळी थोडा पीळ कायमचा पळून जातो. कोरड्या दिवसांत हे फारसं जाणवत नाही, पण ओला धागा मऊ पडतो आणि रात्रभर दमट हवेत वजन घेऊन लटकत राहिला तर सकाळपर्यंत अर्धी स्प्रिंग गेलेली असते. आखडणारा मसल हवा असेल तर वजन फिरता कामा नये, वजनाला आडवी काडी बांधा आणि ती दोन उभ्या खिळ्यांमध्ये अडकवा, वरखाली जाईल पण फिरणार नाही. फिरणारा मसल हवा असेल तर त्याला परत आणणारं काहीतरी लागतं, खालचा अर्धा भाग पॉलिस्टरचा जोडा जो ओलीने फुगत नाही, तो स्प्रिंगचं काम करतो. नाहीतर सरळ दोन पदरी करा. भरपूर पीळ दिलेला धागा मधोमध धरून दुमडा, दोन्ही पदर आपोआप एकमेकांवर उलट्या बाजूने गुंडाळले जातात आणि दोन्हीकडचा जोर एकमेकांना तोलून धरतो, मग मोकळा सोडला तरी उलगडत नाही. नवशिक्यांनी दोन पदरीनेच सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत आहे, एकेरी धाग्यात नुसता डोक्याला ताप.

दुसरा घोळ दिशेचा, आणि हा फार कमी लोक तपासतात. धागा उभा धरा, मोबाईलचा मॅक्रो मोड लावा, तिरक्या रेघा वर डावीकडून खाली उजवीकडे उतरत असतील तर एस पीळ, वर उजवीकडून खाली डावीकडे असतील तर झेड. आता स्प्रिंगच्या वेटोळ्यांची दिशा तशीच बघा. एकेरी धाग्यात पीळ आणि वेटोळी एकाच दिशेची असतील तर ओल लागल्यावर मसल आखडतो, उलट दिशेची असतील तर लांब होतो. पीळ देत देत धागा आपोआप गोळा होऊ दिला तर दिशा एकच येते, पण विणकामाच्या सुईवर हाताने गुंडाळला तर ज्याच्या त्याच्या हाताच्या सवयीप्रमाणे कुठलीही येऊ शकते. दोघांनी मिळून अर्धा अर्धा गुंडाळला आणि निम्मा इकडे निम्मा तिकडे झाला तर एक भाग आखडतो, दुसरा लांबतो, आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटतं काही हलतच नाही. फोटो काढून मोठा करून बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

सुईवर गुंडाळलेली स्प्रिंग सेट न करता काढली तर तीही टिकत नाही. रेशमाला ताणलेल्या अवस्थेत वाफ द्यायची आणि तसंच ताणलेलं ठेवून पूर्ण कोरडं होऊ द्यायचं, मग काढायचं. पावसाळ्यात पंख्याखाली ठेवलेलं रेशीम हाताला कोरडं लागतं पण पूर्ण वाळलेलं नसतं, तेव्हा हेही त्या बल्बच्या खोक्यातच वाळवा.

तिसरं, धागा खरोखर कशाचा आहे. बोहरी आळीत किंवा रविवार पेठेत कुठेही गेलात तर भरतकामाचा सिल्क थ्रेड म्हणून जे चमकदार रीळ मिळतं ते पुष्कळदा रेयॉन नाहीतर पॉलिस्टर असतं. नेहमीच्या हवेत कापूस साधारण साडेआठ टक्के पाणी धरतो, रेशीम ११, रेयॉन ११ ते १३, नायलॉन चारच्या आसपास, आणि पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही. म्हणजे पॉलिस्टरचा मसल वर्षभर कुठल्याच ऋतूत ओलीने हलणार नाही. एक तुकडा चिमट्यात धरून जाळून बघा, कापूस आणि रेयॉनला जळक्या कागदाचा वास येतो आणि मऊ राख होते, रेशमाला जळक्या केसांचा, पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. रेयॉन निघालं तर वाईट वाटून घेऊ नका, ते छान फुगतं, फक्त ओलं झाल्यावर त्याची ताकद जवळजवळ निम्मी होते, म्हणून वजन कमी लावा. कापसाचं उलटं आहे, तो ओला झाल्यावर आणखी मजबूत होतो. आणि गळाची तंगूस वापरून ओलीवर चालवायचा प्रयत्न करणाऱ्यांनो, २०१४ मध्ये डॅलस इथल्या टेक्सास विद्यापीठातल्या रे बॉमन यांच्या गटाने जो मासेमारीच्या दोऱ्याचा मसल गाजवला तो उष्णतेवर चालणारा होता. त्याच्यावर फुंकरा मारत बसून उपयोग नाही.

धागा बरोबर असूनही पाणी पीत नसेल तर त्यावर काहीतरी चढवलेलं असतं. शिलाईच्या दोऱ्याला मशीनमध्ये अडकू नये म्हणून मेण किंवा सिलिकॉन लावतात. पाण्याचा एक थेंब सोडा, तो तसाच गोल बसून राहिला की समजा, गरम पाण्यात डिटर्जंट घालून धुवा, दोनदा खळबळा, आणि हे पीळ द्यायच्या आधी करायचं, नंतर धुतलं तर पीळच जातो. कच्चं रेशीम असेल तर त्यावरचा डिंक धुण्याच्या सोड्याच्या उकळत्या पाण्यात अर्धा तास ठेवून काढावा लागतो, वजनात चौथाई घट येते, घाबरू नका.

आता रंग. रंग अडकलाय अशी तक्रार आली की मी आधी विचारते, रंग कशाने बदलतो ते माहितीये का? कारण हे तीन-चार वेगवेगळे प्रकार आहेत आणि प्रत्येकाचं दुखणं वेगळं. निळा कोरडा आणि गुलाबी ओला म्हणजे कोबाल्ट क्लोराइड. पावसाळी हवेत तो दिवसभर गुलाबीच राहणार, त्याचं बरोबरच आहे, बल्बच्या खोक्यात ठेवा, निळा होईल. पण हे विषारी आहे, युरोपात २००८ पासून अतिधोकादायक पदार्थांच्या यादीत आहे, शाळेतल्या मुलांच्या हातात देऊ नका, आणि अंगावर घालायच्या कापडावर तर मुळीच नाही. दुसरा प्रकार, ओला झाला की पारदर्शक होणारा पांढरा रंग, छत्र्यांवर असतो तो. त्याला थेंब लागतात, नुसत्या दमट हवेने तो हलत नाही, कितीही थांबा. तिसरा, फुंकरीने रंग बदलतो म्हणून आणलेली पावडर, जी खरं तर उष्णतेने बदलते. हेअर ड्रायरच्या कोरड्या गरम हवेने रंग गेला तर ओळखा, तुमचा धागा ओलीवर आणि रंग उबेवर चाललाय, दोघांचा मेळ कधीच बसणार नाही.

चौथा प्रकार मला सगळ्यात सुंदर वाटतो. यात रंगद्रव्य नसतंच, सेल्युलोजच्या अतिसूक्ष्म थरांमुळे ठराविक रंगाचा प्रकाश परत येतो, थर ओल पिऊन फुगले की त्यांच्यातलं अंतर वाढतं आणि रंग निळ्या-हिरव्याकडून लालाकडे सरकतो. हर्क्युलिस नावाचा मोठा भुंगेरा असतो, त्याची पाठही कोरड्या हवेत पिवळसर हिरवी आणि दमट हवेत काळी दिसते, तिथेही खेळ थरांचाच. पावसाळ्यात असा लेप सगळा लालच दिसतो किंवा दिसतच नाही, कारण अंतर इतकं वाढतं की परत येणारा प्रकाश डोळ्याला दिसतो त्याच्या पलीकडे जातो. तेव्हा लेप गेला म्हणून खरवडू नका, वाळवून बघा. दुसरी गोष्ट, खाली काळा धागा लागतो, पांढऱ्या सुतावर हा रंग धुवून निघाल्यागत फिका दिसतो. आणि कोन बदलला की रंग बदलतो, म्हणून दोन फोटोंची तुलना करायची तर कॅमेरा आणि दिवा दोन्ही जागेवरून हलवू नका. लेप तडकू नये म्हणून ग्लिसरीन घातलं असेल तर पावसाळ्यात तेच पाणी ओढून चिकट होतं, निम्मं करा.

आणि या सगळ्यात एक भांडण कायमचं आहे, रंगाचं आणि हालचालीचं. लेप जाड झाला की धाग्याला पीळ उलगडायला जागाच उरत नाही, मसल जखडतो, किंवा हलतो पण लेपाचे तुकडे पडतात. लोक रंग उठून दिसावा म्हणून आणखी एक हात देतात आणि मग विचारतात हालचाल का गेली. लेप पातळ ठेवा, सलग न देता मध्ये मध्ये मोकळी जागा सोडा. किंवा रसायनाचा नाद सोडून दोन पदरांतला एक पदर पक्क्या रंगात रंगवून घ्या, एक गडद एक फिका, मसल फिरला की समोर येणारी बाजू बदलते आणि लांबून बघताना पट्ट्याचा रंगच बदलल्यागत दिसतो. हे पावसाळ्यात अडकत नाही, विषारी नाही, आणि हालचालीला कुठे आडवं येत नाही. शाळेच्या प्रदर्शनाला मी हेच सुचवते.

फेकायचा कधी? डब्याच्या टेस्टमध्ये दोन्हीकडे लांबी सारखी आली, पीळ शिल्लक आहे, दिशा बरोबर आहे, थेंब आत मुरतोय आणि तरी ढिम्म हलत नाही, तर मग फेका. भिंगातून तंतू तुटून पिंजल्यासारखे दिसले किंवा सुतावर बुरशीचे काळे ठिपके आले तरी फेका, बुरशी लागलेलं सूत वजनाखाली कधी तुटेल सांगता येत नाही. बाकीचे सगळे धागे सिलिकाच्या डब्यात, त्यांच्या नेहमीच्या वजनाच्या अर्ध्या वजनाने टांगून ठेवा, टोकं फिरणार नाहीत अशी बांधून, आणि डब्यावर चिठ्ठी लावा: कुठला धागा, एस का झेड, किती ग्रॅम वजन, सिलिकाच्या डब्यात लांबी किती आणि मिठाच्या डब्यात किती. पुढच्या वेळी अडला तर आधी या दोन लांबी परत मोजा आणि चिठ्ठीशी ताडून बघा.